उरले: शून्य

कोबी शिजताना घरात जो वास पसरतो त्याला मराठीत नेमका शब्द नाही, आणि तो कोणी शोधूही नये. ओले मोजे, सादळलेली आगपेटी आणि तुंबलेली मोरी एकत्र केली तर जवळपास पोचता येईल. तो पडद्यांना धरतो, उशांच्या अभ्र्यांना धरतो, आणि तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडलात तरी लिफ्टमध्ये तुमच्या आधी शिरतो. मी सलग सव्वीस दिवस त्या वासात राहिलो. कुणी तो लादला नव्हता. मी स्वतः, लेखी नियोजन करून, रिक्षाचं भाडं भरून तो घरात आणला होता. तेव्हा या हकिगतीत किळस बरीच आहे. निम्मी कोबीची, निम्मी माझी. पुढे पुढे हे प्रमाण बिघडतं, ते आधीच सांगून ठेवतो.

नोकरीभर मी एकच काम केलं. कालव्याला पाणी सोडलं की ते कोणत्या फाट्याला किती दिवस जाणार, वाटेत जमिनीत किती मुरणार, आणि पार टोकाच्या शेतकऱ्याच्या पदरात काय पडणार, याचे तक्ते करायचे. पाण्याच्या या पाळीला आवर्तन म्हणतात. वाटेत जे हरवतं त्या सगळ्याला आमच्या भाषेत एकच शब्द, गळती. गळती कमी करून दाखवली की साहेब खूश. टोकाच्या शेतकऱ्याला मी तीस वर्षांत दोनदा प्रत्यक्ष पाहिलं असेल. तक्त्यात मात्र तो रोज भेटायचा, अगदी शेवटच्या रकान्यात.

असा माणूस निवृत्त होऊन घरी बसला की काय करतो? त्याने खरं तर पेपर वाचावा, सिंहगड रस्त्यावरच्या वाहतुकीला शिव्या द्याव्यात आणि दुपारी झोपावं. मी पंधराव्या दिवशी वाण्याच्या याद्या काढल्या.

बायको तेव्हा उन्हाळ्याच्या सुट्टीवर होती. ती शाळेत शिकवते, तिची अजून तीन वर्षं शिल्लक आहेत. शाळा सकाळची, पावणेसातला घर सोडावं लागतं.

"महिन्याला अकरा किलो कणीक?" मी विचारलं.

"हो."

"दोन माणसांना?"

"एक माणूस आणि एक तुम्ही."

"चेष्टा सोड. मी हिशोब केलाय. रोज आठ पोळ्या धरल्या तर साडेसात किलोच्या वर जाता कामा नये. तेलाचंही तसंच. भाजी तर दीडपट. कुठेतरी गळती आहे."

तिने चष्मा कपाळावर चढवला. सदतीस वर्षांच्या संसारात तो चष्मा वर गेला की मी खोलीबाहेर जायला शिकलो होतो. पण निवृत्तीने माणूस शिकलेलं विसरतो.

"मग तुम्हीच बघा," ती म्हणाली. "शाळा उघडली की तीन महिने. वाणसामान, भाजी, काय शिजवायचं, किती शिजवायचं, सगळं तुमच्याकडे. खर्च कमी करून दाखवा, मी कायमचं तुमच्या हातात देते. एकच अट आहे."

"बोल."

"मावशी टिकल्या पाहिजेत. त्या गेल्या तर तुमच्या बचतीचं मी काहीही ऐकून घेणार नाही."

मावशी म्हणजे आमच्याकडे स्वयंपाक करणाऱ्या बाई. वयाने माझ्यापेक्षा आठ-नऊ वर्षांनी लहान, पण स्वयंपाकाच्या बाईला मावशी म्हटलं की आपण उदारमतवादी ठरतो, म्हणून मीही मावशीच म्हणायचो. त्या मूळच्या मांजरी गावच्या. चौदा वर्षं आमच्याकडे होत्या. सकाळी सहाला येत, बायकोचा डबा करून देत, मग आमचा दुपारचा स्वयंपाक आटपून साडेआठला निघत, पुढे आणखी तीन घरं. बायकोच्या उजव्या मनगटाचं ऑपरेशन झाल्यापासून तिला लाटणं धरता येत नाही. मला धरता येतं, पण पुढचं येत नाही. म्हणजे मावशी गेल्या तर पोळी गेली, आणि पोळी गेली तर आमच्या घरात जेवण म्हणण्यासारखं काही उरत नव्हतं.

"मावशींना मी कशाला घालवतोय?" मी म्हणालो. "मी त्यांच्याशी अत्यंत आदराने वागेन."

तसा मी वागलोही. तेच तर किळसवाणं आहे.

आमच्या घरातल्या जेवणाचं आवर्तन मी चार दिवस बसून तयार केलं. सोमवारी मूग, मंगळवारी स्वस्तातली फळभाजी, बुधवारी पिठलं, याप्रमाणे. आधी गुरुवारी उपास टाकला होता, त्या दिवशी खर्चच नाही या हिशोबाने. बायकोने साबुदाणा, दाणे, रताळी आणि साजूक तुपाचे भाव वाचून दाखवल्यावर तो मागे घेतला. प्रत्येक पदार्थापुढे माप होतं. कणीक किती वाट्या, पोळ्या किती, भाजी किती ग्रॅम. आणि शेवटी एक रकाना होता, ज्याचा मला सगळ्यात जास्त अभिमान होता. त्याचं शीर्षक 'उरले'.

तक्ता मी प्लास्टिकमध्ये घालून फ्रिजच्या दारावर लावला, शेजारी दोऱ्याला पेन टांगलं, आणि शाळा उघडली त्या दिवशी मावशींना समजावून सांगितलं.

"मावशी, आपण फक्त एवढंच करायचं. जेवढं लिहिलंय तेवढंच रांधायचं. आणि जाताना या शेवटच्या रकान्यात आकडा टाकायचा."

"कसला आकडा?"

"जे उरलं त्याचा. दोन पोळ्या उरल्या तर दोन. काहीच नाही उरलं तर शून्य. आपल्याला रोज शून्य आणायचंय."

त्यांनी तक्त्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग गॅसवर चढलेल्या दुधाकडे.

"रोज शून्य?"

"रोज!"

"बरं."

पुण्यात जन्म काढूनही मला त्या 'बरं'चा अर्थ लागला नाही. मांजरीच्या बाईने म्हटलेलं 'बरं' पेठेतल्या 'बरं'पेक्षा साधं असतं अशी माझी समजूत असावी.

पहिल्या दिवशी तीन पोळ्या उरल्या. मी मावशींना रागावलो नाही, छे! मी त्यांना नियोजनाचं महत्त्व सांगितलं. दुसऱ्या दिवशी दोन. तिसऱ्या दिवशी त्या कणीक मळता मळता म्हणाल्या, "दादा, दोन जास्ती टाकू का? ताईंला संध्याकाळी लागली एखांदी तर?"

"संध्याकाळची भाकरी तक्त्यात आहे," मी म्हणालो.

"हाय का? मग ऱ्हाऊ द्या."

चौथ्या दिवशी शून्य आलं. मी टाळी वाजवली. खरोखर वाजवली. "बघा मावशी! जमलं की नाही?"

"जमलं की," त्या म्हणाल्या आणि पिशवीतून आपला स्टीलचा छोटा डबा काढून नळाखाली धरला, विसळला, फडक्याने पुसला आणि परत पिशवीत ठेवला. डबा आधीपासूनच लख्ख होता. पुढे रोज त्या हेच करायला लागल्या. रिकामा डबा ही बाई रोज कशासाठी धुते, असा प्रश्न मला पडायचा. पाणी वाया जातंय, असंही एकदा मनात येऊन गेलं. तीस वर्षं पाणी मोजलेला माणूस मी. याहून जास्त काही मनात आलं नाही.

दर शनिवारी मी बायकोला आठवड्याची शून्यं दाखवायचो. ती दमून आलेली असायची. "छान," म्हणायची आणि पुढ्यात असेल ते खायची. तिचा प्रश्न एकच, "मावशींचं बरं चाललंय ना?"

"मावशी स्वतः शून्य लिहितात," मी सांगायचो. "अक्षर काय सुंदर आहे त्यांचं!"

आता कोबीकडे येतो. आलंच पाहिजे.

आषाढ सरता सरता भाज्या कडाडल्या. माझा मंगळवार, गुरुवार आणि शनिवार धोक्यात आला. तेव्हा मी पहाटे उठून मार्केट यार्डात गेलो, कारण दारावरच्या भाजीवाल्याकडून भाजी घेणारा माणूस हा मला तोपर्यंत गळतीचाच एक प्रकार वाटायला लागला होता. तिथे कोबीची अख्खी गोणी इतक्या स्वस्तात मिळत होती की मला दया आली. कोबीवाल्याची. मी घासाघीससुद्धा केली नाही. गोणीत अठरा गड्डे होते. दोन माणसांना अठरा कोबी! पण मी कागदावर बसवून दाखवले. कोबीची पीठ पेरून भाजी, कोबीची डाळ घालून भाजी, कोबीचा भात, कोबीचं थालीपीठ, कोबीच्या वड्या, कोबीची कोशिंबीर. सव्वीस दिवसांचं आवर्तन.

मावशींनी गोणी पाहिली. "लग्न हाय का कुणाचं?"

"नाही, घरासाठीच."

"अगं बाई."

पहिल्या आठवड्यात आम्ही कोबी खाल्ला. दुसऱ्या आठवड्यात कोबी आम्हाला खायला लागला. बायकोने शाळेत डबा उघडला की शिक्षकांच्या खोलीतली खिडकी उघडली जायची. तिसऱ्या आठवड्यात तिने डबा न्यायचंच बंद केलं आणि शाळेच्या कँटीनमध्ये खायला लागली. तो खर्च तिच्या पर्समधला, म्हणून मी तो धरला नाही.

मग एके सकाळी बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरचे निवृत्त प्राध्यापक. माणूस मोजकं बोलतो.

"आपल्याकडे ड्रेनेजचं काम चालू आहे का?"

"नाही."

"मग करून घ्या," ते म्हणाले आणि गेले.

मी ड्राय बाल्कनीत गेलो. गोणी तिथे ठेवली होती. वर पाऊस नव्हता, पण पावसाळी हवा होती, आणि गोणीचं तोंड मी काळजीपूर्वक बांधून ठेवलं होतं, जेणेकरून कोबी 'ताजा राहील'. खालून एक तपकिरी ओघळ निघून जाळीच्या दिशेने चालला होता. मी तोंड सोडलं आणि तळाच्या एका गड्ड्यावर हात ठेवला. हात आत गेला. कोबीच्या आत, मनगटापर्यंत. आत काहीतरी कोमट होतं. मी हात बाहेर काढला तेव्हा त्याच्याबरोबर दोन हिरव्या अळ्या आल्या, आणि त्या माझ्यापेक्षा जास्त गोंधळलेल्या दिसल्या.

एखाद्या शहाण्याने गोणी उचलून कचऱ्यात टाकली असती. मी तळाचे सडलेले तीन गड्डे ओट्यावर घेतले आणि पानं सोलायला लागलो. काळं पान, तपकिरी पान, बुळबुळीत पान, आणखी एक बुळबुळीत पान. शेवटी लिंबाएवढे तीन पांढरे गाभे निघाले. ते मी मावशींपुढे ठेवले. "याची कोशिंबीर होईल."

मावशींनी पदर नाकाला लावला होता. तोपर्यंत त्यांनी माझा शब्द कधी मोडला नव्हता.

"दादा, ह्ये मी नाय चिरायची. म्हस बी हुंगून सोडंल."

"पण आतून चांगलं आहे."

"आतून समदेच चांगले असत्यात," त्या म्हणाल्या आणि पोळ्यांकडे वळल्या.

मी स्वतः चिरला. स्वतः खाल्ला. दुपारनंतर काय झालं ते लिहीत नाही. एवढंच सांगतो की मला संध्याकाळची भाकरी लागली नाही, आणि ती मी बचतीत धरली.

गोकुळाष्टमीला बायकोला सुट्टी होती. शाळा उघडल्यापासून पहिल्यांदाच ती मावशींच्या वेळेला स्वयंपाकघरात बसली होती, चहाचा कप घेऊन, ओट्याशेजारच्या स्टुलावर. रविवारी मावशी येत नसत, आणि एरवी मावशी दुपारच्या पोळ्या लाटायला घेत तेव्हा ही बूट चढवत असे. दोघींचं काहीतरी बोलणं चाललं होतं. मी दारात उभा राहून मागच्या आठवड्याची शून्यं मोजत होतो.

मावशींनी ओटा पुसला. डबा काढला, नळाखाली धरला, विसळला, पुसला, पिशवीत ठेवला.

बायको म्हणाली, "हे काय मावशी, डबा रिकामाच?"

"मग कशानं भरू ताई?"

"कशाने म्हणजे? उरलं असेल त्याने. कोबी आवडत नाही म्हणून नेत नाही का?"

"उरत नाय आता." मावशींनी दोऱ्याचं पेन घेतलं, तक्त्यात शून्य काढलं. गोल, सुबक, दोन्ही टोकं नीट जुळलेलं. "दादांनी उरायचंच बंद केलंय."

बायकोने माझ्याकडे पाहिलं नाही. ती मावशींकडेच बघत राहिली. "कधीपासून?"

"शाळा उघडली तवापासनं."

"मग तुम्ही दुपारी काय खाता?"

"खारी. च्याबरुबर. पित्त होतंय पर चालतंय."

मला त्या क्षणी फक्त एवढंच कळलं की काहीतरी माझ्या तक्त्याबाहेर होतं. बाकीचं बायकोने नंतर सांगितलं. मी ते इथेच सांगतो, म्हणजे तुम्हाला माझ्याइतकं मूर्ख राहावं लागणार नाही.

चौदा वर्षं ती रोज चार पोळ्या जास्त करायला सांगत होती. डावभर भाजी जास्त. निघताना दारातून बूट घालता घालता म्हणायची, "मावशी, आज उरणार हो. नाहीतर टाकून द्यावं लागेल, घेऊन जा." मावशी म्हणायच्या, "बघते." आणि डबा भरायच्या. चार घरचं करून घरी पोचायला त्यांना तीन वाजत. मधे तोच डबा. चौदा वर्षांत बायकोने कधी 'हे तुमच्यासाठी' म्हटलं नाही आणि मावशींनी कधी 'द्या' म्हटलं नाही. दिलेलं म्हटलं की उपकार होतो, मागितलेलं म्हटलं की लाज येते. उरलेल्याला दोन्ही नाही. ते रोज मोजूनमापून, ठरवून उरवलं जात होतं, आणि दोघीही रोज ते आपोआप उरल्यासारखं दाखवत होत्या. कालव्यावर असतो तर या कामाला मी अभियांत्रिकीतला चमत्कार म्हटलं असतं. माझी शून्यं बघून बायकोला वाटत होतं, उरलेलं मावशींच्या डब्यात जातंय म्हणूनच शून्य.

मी मात्र ती गळती शोधून काढली, बुजवली, आणि जिला ती मिळत होती तिच्याच हाताने साठेक वेळा शून्य लिहून घेतलं. वर टाळ्या वाजवल्या. अक्षराचं कौतुक केलं. सडलेल्या कोबीत हात घालताना मला जी शिसारी आली होती तिच्याबद्दल मी नंतर पुष्कळ जणांना रंगवून सांगितलं. ही दुसरी आजवर कुणाला सांगितली नव्हती.

"मावशी," मी घाईने म्हणालो, "मला कळलंच नाही. तुम्ही एकदा बोलायचं तरी!"

"काय बोलायचं?"

 गप्प बसण्याची मला सवय नाही. "आता आपण असं करू," मी म्हणालो, आणि मला अजून आठवतंय, हात तक्त्याकडे गेला. "इथे एक रकाना वाढवू. मावशी, चार पोळ्या, शंभर ग्रॅम भाजी. रोजचा तुमचा कोटा. म्हणजे कुणी विसरायला नको."

बायकोने डोळे मिटले.

"मी कोटा मागितला का दादा?" मावशी शांतपणे म्हणाल्या. "मी काय रेशनच्या लायनीत हाय?"

"तसं नाही हो..."

"ताई, मी सांगणारच हुते. येत्या एक तारखेपासनं सी विंगला लागतीय. चौथ्या मजल्यावर. येळ हीच हाय, त्येंच्यामुळं तुमचं सोडावं लागंल."

"मावशी, पगार वाढवायचा असेल तर..." मी परत.

"पगाराचं कोण बोललं?" त्यांनी पिशवी खांद्याला लावली. चपला घालताना बायकोकडे बघून, माझ्याकडे नाही, म्हणाल्या, "तिथं उरतंय."

दार लागलं. गॅसवर चहा नव्हता तरी काहीतरी उतू जात असल्यासारखं मी तिकडे बघत राहिलो. बायकोने चहाचा कप विसळून ठेवला. मग म्हणाली, "खर्च कमी झाला का?"

"झाला. जवळजवळ चौथा हिस्सा."

"खरंच केलात तुम्ही. आता सांगा, अट काय होती?"

मी सांगितली. शाळेत न आलेल्या धड्यासारखी, खाली मान घालून. तिने एकदा माझ्याकडून ती परत म्हणवून घेतली. शिक्षिकेशी लग्न केल्याचा तो एक तोटा आहे.

महिनाअखेरपर्यंत मावशी आल्या. त्या उरलेल्या दिवसांत मी स्वयंपाकघरात पाऊल ठेवलं नाही. बायकोने तक्ता काढून टाकला, चार पोळ्या जास्त करायला सांगितल्या, निघताना दारातून "उरणार हो" म्हणून पाहिलं. मावशी "बघते" म्हणायच्या आणि पोळ्या टोपलीत झाकून ठेवून जायच्या. एकदा माझ्या तोंडून 'कोटा' हा शब्द ऐकल्यावर दोघींना ते नाटक जमेना. चौदा वर्षं चाललेलं! एक तारखेला त्या आल्या नाहीत.

नवीन बाई मिळेना. वॉचमनला सांगितलं, जिन्यात चिठ्ठी लावली. दोघी येऊन गेल्या. एकीने दारातच विचारलं, "ते शून्यवाले काका इथंच का?" दुसरी आत आली, फ्रिजच्या दाराकडे बघितलं, ओटा बघितला आणि कळवते म्हणून गेली ती गेलीच. सोसायटीत काम करणाऱ्या बायकांचं निरोपाचं जाळं आमच्या कालव्यांपेक्षा फार चांगलं चालतं. त्यांचा निरोप पार टोकापर्यंत पोचतो.

म्हणून मी पोळ्या करायला शिकलो. शिकलो म्हणजे करायला लागलो. पहिल्या आठवड्यातल्या पोळ्यांचं वर्णन करायची माझी इच्छा नाही. एक पोळी मी चिमट्याने उचलली तर ती आडवी राहिली, वाकली नाही. कणकेचा बोटांमधला तो चिकट, गार, मेलेला स्पर्श मला अजून सहन होत नाही. रोज पहाटे हात धुतो आणि तो जात नाही.

आठवडाभराने जरा बऱ्या झाल्या तेव्हा मला एक कल्पना सुचली. माझ्या कल्पनांपासून सावध राहायला मी तोपर्यंत शिकायला हवं होतं. मी सहा पोळ्या आणि बटाट्याची भाजी केली, चार पुडांच्या डब्यात भरली आणि सव्वाआठला सी विंगच्या चौथ्या मजल्यावर गेलो. बेल वाजवली. दार मावशींनीच उघडलं, हाताला पीठ.

"दादा? काय झालं? ताई बऱ्या हायत ना?"

"बऱ्या आहेत. हे... उरलं होतं. म्हटलं, टाकून देण्यापेक्षा."

त्यांनी डब्याकडे पाहिलं. हात पुसला, वरचं झाकण जरा उचललं, परत लावलं.

"उरल्यालं असं शिगोशिग भरल्यालं नसतं दादा."

मी डबा मागे घेतला, सारवासारव न करता. निवृत्तीनंतर बहुधा पहिल्यांदाच.

"आणि उरल्यालं कुणी दारात घिऊन येत नसतं," त्या म्हणाल्या, पण रागाने नाही. आतून कुणीतरी "मावशी, कुकर!" म्हणून हाक मारली. "ताईंला म्हणावं, मनगटाला गरम पाण्याचा शेक द्या. आता गारठा सुरू होईल." आणि दार लोटून घेतलं.

म्हणजे त्या येणार नव्हत्या. मला ते आधी माहीत नव्हतं असं नाही. पण मी मनात त्यांच्या परतीची तारीखसुद्धा धरून ठेवली होती, तीस वर्षांच्या सवयीने.

लिफ्टमध्ये खालच्या मजल्यावरचे प्राध्यापक भेटले. सी विंगमध्ये त्यांचा ब्रिजचा अड्डा असतो. माझ्या हातातल्या चार पुडांच्या डब्याकडे त्यांनी पाहिलं.

"परत नोकरी धरलीत?"

"नाही."

"धरा," ते म्हणाले.

दुपारी बायको शाळेतून आली. डबा टेबलावर तसाच होता. तिने हात धुतले. ताट घेतलं, बटाट्याची भाजी वाढून घेतली, एक घास खाल्ला आणि थांबली.

"हे मावशींकडे नेलं होतंत?"

"हो."

"त्यांनी चव घेतली?"

"नाही, झाकण उघडून पाहिलं फक्त."

"नशीब," ती म्हणाली. "मीठ नाही यात."

पण तिने ते खाल्लं. वरून मीठ भुरभुरवून, पोळीचा कच्चा भाग बाजूला काढत, सगळं संपवलं. तिच्या ताटाच्या कडेला पिठाच्या त्या ओल्या चकत्या रांगेने पडल्या होत्या.

खर्च आता पुन्हा तिच्याकडे आहे. मी फक्त पोळ्या करतो, सकाळी पावणेसहाला, ती आंघोळ करून येईपर्यंत. आम्हाला आठ लागतात. मी दहा करतो. दोन पोळ्या रोज उरतात, टोपलीत, फडक्याखाली. न्यायला कुणी येत नाही. दुपारी चार वाजता मी त्या चहात बुडवून खातो. कडा चामड्यासारख्या, मधे कणीक तशीच, आणि वर चहाची साय धरलेली. गिळताना अंगावर काटा येतो.

परवा तिने टोपलीत डोकावून विचारलं, "अहो, आठच करा ना. कशाला दोन जास्त?"

"होतात," मी म्हणालो. "हात बसला नाही अजून."